घरच्यांना सांगावं लागत नाही

त्या शनिवारी ती घरी गेली ती आईचं शिलाई मशीन न्यायला. नव्या खोलीला पडदे शिवायचे होते, आणि ते शिंप्याकडे टाकले असते तर आईने वर्षभर ऐकवलं असतं. दुपारची जेवणं झाल्यावर अण्णांनी, तिच्या वडिलांनी, मशीन उचलून गाडीच्या डिकीत ठेवलं, कंबर धरली आणि वर तिलाच सुनावलं, की यापेक्षा हेलिकॉप्टरचं इंजिन हलकं असतं आणि ते निदान उडतं तरी. आई आतूनच म्हणाली, की उडतं म्हणून तर तुम्ही घरात कधी दिसला नाहीत. हे बोलणं त्या घरात इतक्या वेळा झालेलं होतं की त्यावर आता कोणी हसत नसे, आणि ते कोणी चुकवतही नसे.

मग ती शेडपर्यंत चक्कर मारून आली. घर आणि मैदान यांच्यामध्ये कुंपण असं नव्हतंच. आजोबांनी उडवायला शिकवण्याची शाळा काढली तेव्हा आधी शेड बांधली आणि उरलेल्या विटांत घर, असं आत्या सांगायची, आणि घराच्या भिंती बघितल्या की ते खरं वाटायचं. शाळा अण्णांची, यंत्रं काकांची, ही वाटणी दोघा भावांनी कधी तोंडाने केलेली नव्हती. काका हेलिकॉप्टरच्या पोटाखाली उताणे पडलेले होते आणि त्यांचे फक्त बूट दिसत होते. त्यांचा मुलगा बारक्या समोरची काच पुसत होता. लहानपणी काटकुळा होता म्हणून हे नाव पडलं. आता तो शेडच्या छोट्या दारातून वाकून आत यायचा, पण नाव काही वाढलं नव्हतं. पुढच्या महिन्यात त्याची शिकवण्याच्या परवान्याची परीक्षा होती. तो पास झाला की अण्णा निम्मे विद्यार्थी त्याच्या गळ्यात घालून बागकाम करणार होते. बागकामातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं.

“सोमवारी याला उतारावरून उचलायला लावतो,” अण्णा म्हणाले. “सपाटीवरून काय, कुणीही उचलेल.”

“तुमच्यासमोर उचलणं म्हणजे सगळा उतारच आहे,” बारक्या म्हणाला. यंत्राखालून काका हसले. बूट हलले तेवढ्यावरून ते कळलं.

निघताना अण्णांनी नेहमीचं विचारलं, एक फेरी मारून आणू का. ती नेहमीसारखंच नको म्हणाली. त्यांनी गाडीचं दार लावलं, टपावर दोनदा थाप मारली आणि पाठ फिरवून ते पुन्हा शेडकडे गेले. ती मागे वळून बघत बसली नाही. पडद्यांचं कापड आणायला दुकान बंद व्हायच्या आत पोचायचं होतं.

सोमवारी ती कचेरीत होती. नकाशे काढायची कचेरी. एका नदीचं बदललेलं पात्र ती जुन्या नकाशावर बसवत होती. फोन काकांचा आला. काका बोलले ते यंत्रातला बिघाड कळवावा तसं, एकापुढे एक. उचलताना हेलिकॉप्टर उलटलं. बारक्याच्या गळपट्टीचं हाड मोडलंय, बाकी तो ठीक आहे. अण्णा गेले. तू गाडी चालवत येऊ नकोस, कोणाला तरी घेऊन ये. तिने बरं म्हटलं, फोन ठेवला, नदीची सुरू केलेली रेघ पूर्ण केली आणि मग उठली. ती रेघ का पूर्ण केली, हे तिला पुढे कितीदा तरी आठवलं.

*

आठवड्याने आत्या आली ती राहायच्या तयारीने, मोठी बॅग घेऊन. आत्या भावंडांत थोरली. काका तिला अक्का म्हणत आणि अजूनही तिच्यासमोर पाय पसरून बसत नसत. दुसऱ्या दिवशी अपघाताच्या सरकारी चौकशीच्या बाई घरी येणार होत्या. म्हणून दुपारी ताटं उचलल्यावर काकांनी सगळ्यांना टेबलापाशीच थांबायला सांगितलं.

बारक्याचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. आई गेले काही दिवस त्याच्या ताटातलं सगळं डाव्या हाताने चमच्याने खाता येईल इतकं बारीक करून देत होती. पण त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती. त्याची आई तो चालायला लागायच्या आत गेली, तेव्हापासून तो हिच्याच हाताखाली वाढला, हिला मोठी आई म्हणतो. ताट पुढे सरकवायची, पाणी ठेवायची, वळायची. बारक्या मुकाट्याने सगळं संपवायचा. भूक असो नसो, ताट रिकामं करणं एवढंच आता त्याच्या हातात होतं.

“उद्या त्या बाई येतील,” काका म्हणाले. “त्याआधी आपल्यात काय ते ठरलेलं बरं.”

आत्या म्हणाली, ठरवायचं काय त्यात, झालं ते सांगायचं.

“झालं ते म्हणजे काय झालं, अक्का? आत दोघं होते. एक आता बोलू शकत नाही.”

मग काकांनी बोटाने टेबलावर उतार काढून दाखवला, आत्यासाठी, कारण बाकीच्यांना तो पाठ होता. हेलिकॉप्टर दोन पायांवर उभं असतं, घसरगाडीच्या पट्ट्यांसारखे लांबट लोखंडी पाय. उतारावरून उचलताना खालच्या बाजूचा पाय आधी सुटतो, मग वरचा. त्या दिवशी वरचा, म्हणजे डावा, भुसभुशीत मातीत रुतला आणि सुटलाच नाही. एक पाय धरून ठेवला आणि वरचा पंखा उचलतोय, की यंत्र त्या पायावर कलंडतं. अशा वेळी एकच करायचं असतं. डाव्या हाताशी उचलायची दांडी असते ती तिथल्या तिथे खाली दाबायची. यंत्र आदळतं, पण बसतं. दोघांपुढे दोन दांड्या असतात आणि त्या आतून एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणजे कुणीही एकाने दाबली असती तरी चाललं असतं.

“आणि दाबली नाही,” आत्या म्हणाली.

“दाबली नाही.”

मग काकांनी आपलं म्हणणं मांडलं. बारक्याने सांगायचं, उडवत मी होतो, पाय अडकल्याचं मला उशिरा कळलं. शिकणाऱ्याची चूक. अशा चुका होतात, त्या बाईंनी ढीगभर पाहिल्या असतील. विषय संपला.

“आणि त्याचा परवाना?” आत्याने विचारलं.

“जाईल.”

“मग पुढे काय करेल तो?”

“हात आहेत त्याला. माझ्याबरोबर शेडमध्ये काम करेल.”

“पोटचा पोर आहे रे तुझा,” आत्या म्हणाली. “इथला काढून तिथे बसवायला तो काय बोल्ट आहे?”

काकांनी मान खाली घातली, पण हटले नाहीत. अण्णाने उभ्या आयुष्यात कुणाला खरचटू दिलं नाही, ते म्हणाले. माणसं लांबून येतात ती अण्णाचं नाव ऐकून. आता जाता जाता त्याच्या नावापुढे हे लागलं, की शिकवणाराच गाफील होता, तर शाळेची परवानगी गेलीच समजायची. मग बाबांनी उभं केलेलं हे सगळं, शेड, मैदान, कुलूप लावून मोकळं व्हायचं.

वडिलांचं नाव निघालं आणि आत्याचा आवाज खाली आला. मैदानावरचे दगड वेचायला लहानपणी ती स्वतः होती. दोन्ही तळहात सोलून निघाले होते, असं ती अजून सांगायची. तिने टेबलावरचा पाण्याचा ओघळ बोटाने पुसला आणि बारक्याकडे बघून म्हणाली, “तुझं वय आहे रे अजून, बाळा.”

पारडं फिरलं ते टेबलाच्या टोकाला बसून ती बघत होती. आत्यासारखी बाई इतक्या लवकर काकांच्या बाजूला जाईल असं तिला वाटलं नव्हतं. आता बारक्याच्या बाजूला बारक्या एकटा उरला आणि तोही फारसा नव्हता.

“बाबा म्हणतात तसं सांगतो मी,” तो म्हणाला. “मला चालेल.”

काका उठून त्याच्यामागून गेले. जाताना त्याच्या धड खांद्यावर त्यांनी हात ठेवला आणि काढून घेतला. रात्री त्यांना झोप लागत नाही, पहाटेपर्यंत ते शेडमध्ये मोडलेल्या यंत्राच्या जागेपाशी बसून असतात, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. भावावर ते पोरापेक्षा जास्त माया करत, असं नव्हतं. पण भाऊ आता स्वतःची बाजू मांडायला येणार नव्हता आणि पोरगा समोर होता. समोर असलेल्याकडूनच माणूस मागतो.

*

आईने स्वयंपाकघरात तिला भांडी पुसायला लावली. दोघी पाठीला पाठ लावून काम करत होत्या.

“तू काही बोलली नाहीस मघाशी,” आई म्हणाली.

“मी काय बोलणार?”

“तेच म्हणते. काही बोलू नकोस.”

तिने पुसलेली वाटी पुन्हा पुसली. आईला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, हे तिला कधीच नीट कळलेलं नव्हतं. आई विचारत नसे. एखादं दार उघडलं तर थंडी आत येईल म्हणून ते लावूनच ठेवावं, तशी तिची काही दारं कायमची लावलेली होती.

“ह्यांच्याबद्दल आता नवं काही ऐकायचं बळ नाही माझ्यात,” आई म्हणाली. “जुनं आहे तेवढं मला पुरेल.”

बारक्या शाळेच्या कचेरीच्या पायरीवर बसलेला होता. आत भिंतीवर अण्णांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती: कोण उडवतंय हे दोघांनीही मोठ्याने बोलायचं. बोलल्याशिवाय दांडीला हात लावायचा नाही, बोलल्याशिवाय सोडायची नाही. ती त्याच्या शेजारी टेकली. तेवढ्यात आत फोन वाजला, कुणी उचलला नाही आणि थोड्या वेळाने फोनमध्ये भरून ठेवलेला अण्णांचा आवाज आला. नमस्कार, आम्ही सध्या हवेत आहोत, खाली उतरलो की तुम्हाला फोन करतो. दोघांनी तो शेवटपर्यंत ऐकला. फोन करणाऱ्याने काही न बोलता ठेवून दिला.

“बंद कसा करायचा ते मला येतं,” बारक्या म्हणाला. “पण मोठी आई दुपारी इकडे येते आणि स्वतःच्या मोबाईलवरून लावते. तिला वाटतं कोणाला माहीत नाही.”

मग त्याने न विचारताच सांगायला सुरुवात केली. तो हे सगळं इतक्यांदा स्वतःशी बोललेला होता की कुठेही अडखळला नाही. उचललं तेव्हा दांडी त्याच्याकडेच होती, यात शंका नाही. खालचा पाय सुटला. वरचा सुटेना. यंत्र कलायला लागलं आणि त्याला कळलं की दाबायची.

“दाबणारच होतो, ताई. तेवढ्यात त्यांचा हात आला. दिसला नाही, माझ्या दांडीत जाणवला. मी सोडली. घेतली त्यांनी, म्हटलं.”

“बोलले काही?”

“आपल्यात कधी बोललेत?”

तिने आतल्या पाटीकडे बघितलं.

“पण त्यांनी घेतली असती तर दाबली असती ना? त्यांच्याइतकं कुणाला कळतं? दाबली नाही, म्हणजे घेतली नव्हती. म्हणजे ती माझ्याकडेच होती आणि मी सोडून बसलो होतो.” तो डाव्या हाताने गळ्यातला पट्टा सारखा करत होता. “कुठूनही सुरू केलं तरी तिथेच येतं. बाबा काही खोटं बोलायला सांगत नाहीयेत मला.”

त्याला काय उत्तर द्यायचं ते तिला ठाऊक होतं.

न बोलता दांडी देण्याघेण्याची ती पद्धत आजोबांची. ते पिकांवर फवारणी करायचं विमान चालवत, उघडं, पुढे एक मागे एक बसायचं, आणि इंजिनाचा आवाज असा की शेजारी वीज पडली तरी ऐकू येऊ नये. मुलांना शिकवताना ते बोलत नसत. दांडीला हात लावला की घेतली, काढला की दिली. अण्णा आणि काका तसेच शिकले. पुढे कानाला लावायची यंत्रं आली, कुजबूजसुद्धा ऐकू येऊ लागली, बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी अण्णांनी पाटी रंगवली. पण घरातल्या घरात जुनंच चालू राहिलं. त्याचा त्यांना अभिमान होता. परक्यांना सांगावं लागतं, ते म्हणत, घरच्यांना सांगावं लागत नाही.

तिलाही त्यांनी असंच शिकवलं. ती तेव्हा कॉलेजात होती आणि सगळे म्हणत की हिचा हात अण्णांपेक्षा हलका आहे. एके दिवशी सकाळी यंत्र जमिनीपासून हातभर वर उचललेलं असताना दांडीत त्यांचा हात जाणवला. तिने सोडली. त्यांनी हात ठेवला होता तो नुसता, पाठीवर ठेवावा तसा, आणि ठेवून काढूनही घेतला होता. ते हवेत तरंगणारं सगळं वजन थोडा वेळ कुणाच्याच हातात नव्हतं. मग ते बाजूला घसरलं, दोघांनी एकदमच दांडी धरली, यंत्र आदळलं आणि एक पाय वाकला. अण्णा हसले. झोपलीस काय, म्हणाले. त्यांना तेवढंच वाटलं होतं. घरी त्यांनी हिला जरा गरगरलं म्हणून सांगितलं. तिने ते तसंच राहू दिलं, कारण ते खोडायचं तर म्हणावं लागलं असतं, की अण्णा, चूक तुमची होती. असं वाक्य त्या घरात आजवर कोणी बोललेलं नव्हतं. ती पुन्हा त्या सीटवर बसली नाही. काकांनी नवा पाय बसवला आणि त्यांनीही काही विचारलं नाही.

“ऊन आलं इकडे,” ती बारक्याला म्हणाली. “आत जाऊन पड थोडा.”

*

चौकशीच्या बाईंना सर्दी झालेली होती आणि आल्या आल्या त्यांनी त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. वयाने त्या तिच्याएवढ्याच असतील. आधी त्या काकांबरोबर उतारावर जाऊन आल्या, मग शेडमध्ये, मग कचेरीत, आणि शेवटी घरात टेबलापाशी येऊन बसल्या. म्हणाल्या, आजचं बोलणं म्हणजे जबाब नाही. जबाब उद्यापासून एकेकाचा वेगळा घेईन. आज फक्त भेटायचं होतं. आईने त्यांना गरम पाणी आणून दिलं.

अण्णांबद्दल त्या चांगलं बोलल्या. त्यांच्या खात्यातले दोन जण इथेच शिकलेले होते. मग त्या बारक्याकडे वळल्या आणि हाड कितपत दुखतंय हे विचारावं त्याच आवाजात त्यांनी विचारलं, की उचललं तेव्हा कोण उडवत होतं.

“मी,” बारक्या म्हणाला.

“शेवटपर्यंत?”

“हो.”

“मध्ये त्यांनी घेतलं नाही?”

“नाही. पाय अडकलाय हे मला उशिरा कळलं.”

त्याने पाठ केलेलं वाक्य पाठ केल्यासारखंच म्हटलं. बाईंनी नाक पुसलं. कचेरीतली पाटी मी वाचली, त्या म्हणाल्या. ते स्वतः ते पाळत होते का?

काकांनी त्याचं उत्तर दिलं. बाहेरच्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा, ते म्हणाले. न बोलता दांडीला हात लावला म्हणून अण्णाने भल्याभल्यांना खाली उतरवून घरी पाठवलंय. एकाने तर पुढे वर्षभर त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. यातला शब्द न् शब्द खरा होता. ते सांगताना काकांचा चेहरा आठवडाभरात पहिल्यांदाच जरा सैल झाला. आत्या मान डोलावत होती. बाईंनीही मान डोलावली, समोरचे कागद एकत्र केले आणि पर्समध्ये रुमाल शोधायला लागल्या.

आईने बारक्यापुढे पाण्याची बाटली ठेवली. एका हाताने त्याला झाकण उघडता येणार नाही हे लक्षात आलं तशी ती परत उचलली, झाकण काढून दिलं आणि त्या भरात तिने त्याच्याकडे बघितलं. अपघाताच्या दिवसापासून पहिल्यांदा. बारक्याने मान खाली घातली. आईने काही केलं नाही, नुसती तिथेच उभी राहिली. झाकण तिच्या मुठीत होतं.

“बाहेरच्यांशी,” आईच्या त्या मुठीकडे बघत ती म्हणाली.

बाईंनी वर बघितलं. “काय म्हणालात?”

“बाहेरच्यांशी बोलायचे ते. घरच्यांशी नाही.”

“तू थांब जरा, पोरी,” काका म्हणाले.

“बोलू दे तिला,” आत्या म्हणाली. का म्हणाली ते तिचं तिलाही कळलं नसावं. लगेच तिने तोंडावर हात ठेवला.

नकाशांच्या कचेरीत एखादी चुकीची रेघ कुठून कुठवर गेली हे सांगावं तसं तिने सांगितलं. आजोबांचं विमान सांगितलं, हात लावला की घेतली आणि काढला की दिली हे सांगितलं. अण्णांनी घरात कधीच कोणाशी ते शब्द उच्चारले नाहीत, माझ्याशी नाही, काकांशी नाही, याच्याशी नाही. हात जाणवला की आम्ही सोडायचं. आणि ते कधी घ्यायला हात लावत, कधी नुसता धीर द्यायला. दोन्ही हात दांडीतून सारखेच लागतात. त्यांतला कोणता कुठला हे ओळखायची काही सोय नव्हती.

“हे तुम्हाला कसं माहीत?” बाईंनी विचारलं.

“याच्या सीटवर मी होते. खूप वर्षांपूर्वी. माझ्या वेळी पाय अडकला नव्हता, म्हणून आम्ही दोघं वाचलो.”

बाईंनी रुमाल बाजूला ठेवला. त्यांनी काकांकडे बघितलं. काकांनी दोन्ही तळहात टेबलावर उपडे ठेवलेले होते. नखांच्या कडांना ग्रीस होतं, ते कितीही धुतलं तरी जात नसे.

“डावा पाय होता,” काका म्हणाले. “मी बदलला.” मग मुलाकडे न बघता, “मी तेव्हा विचारायला पाहिजे होतं.”

बारक्या रडत होता. आवाज न करता, बाटली धरून. बाईंनी मिटलेले कागद पुन्हा उघडले नाहीत. उद्या हेच तुम्हाला पुन्हा सांगावं लागेल, त्या तिला म्हणाल्या, त्यावर सही करावी लागेल. त्याचा परिणाम काय होईल हे मी आज सांगू शकत नाही. याला परीक्षेला बसता येईल की नाही हेही नाही आणि शाळेचंही नाही. तिने हो म्हटलं.

हे सगळं ती बाईंना सांगत होती, पण तिला दिसत होती ती आई. ऐकायचं बळ नाही म्हणाली होती आणि तरी ऐकत उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हिशेब लागत नसलेल्या माणसासारखी ती लेकीकडे बघत होती.

“पण तुला तर गरगरायचं,” आई म्हणाली. “वर गेलं की. हेच सांगायचे ना मला.”

“नाही, आई.”

इतक्या वर्षांत हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. अण्णांना तर नाहीच, आणि त्यांना सांगायची वेळ आता गेली होती. ते इथे असते तर हसून म्हणाले असते, सोड गं, जुनी गोष्ट. तिला ते हसणं ऐकू आलं आणि पहिल्यांदाच त्याच्यापुढे ती गप्प बसली नाही.

“मला कधीच गरगरलं नाही,” ती म्हणाली. “मला चांगलं उडवता येत होतं. बारक्यालाही येतं. अण्णांनी हात काढून घेतलाय, एवढंच आम्हाला कोणी सांगत नव्हतं.”